साम्य आढळले

रेवाच्या चालीत दुसऱ्याच कुणाची तरी चाल आहे, हे सानिकाला पहिल्यांदा कळलं ते डेअरीच्या प्रयोगशाळेत, हातात दुधाच्या नमुन्याची नळी असताना.

फोनवर निरोप आला होता : 'आपल्या पाल्याच्या चालीत साम्य आढळले आहे. कृपया घाबरू नये. केंद्रावर समक्ष येऊन भेटावे.' खाली पाऊलपट्टी केंद्राचा पत्ता. बस्स, एवढंच.

'घाबरू नये' तिनं पुन्हा एकदा वाचलं. नळी स्टँडला लावून तिनं नवऱ्याला, रणजितला, फोन केला. तो शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये होता, मागं लेथ किंचाळत होता.

"साम्य म्हंजे? कुणासंगं?"

"तेच लिहिलेलं नाही."

"मग तुझ्यासंगं असंल. तू बी तशीच चालतीस, बदकागत."

एरवी ती हसली असती.

पाऊलपट्टीचं तोवर कुणालाच काही वाटत नसे. शाळांतली हजेरी कॅमेरा घ्यायला लागूनही आता बरीच वर्षं झाली होती, तशीच ही आणखी एक गोष्ट. शाळेच्या व्हरांड्यात हिरव्या रबराची लांब पट्टी अंथरलेली असायची. सकाळी पोरांनी बूट काढून तिच्यावरून चालत वर्गात जायचं. रबराखाली दाब ओळखणारे बारीक बारीक ठिपके होते. टाच कधी टेकली, चवडा कधी उचलला, कुठल्या पायावर किती भार पडला, सगळं त्यांना कळायचं. सपाट तळवे, पाठीचा बाक, जड दप्तर यासाठी ती बसवली होती. रेवा तिच्यावरून कधी लंगडी घालत जायची, कधी बेडूकउड्या मारत, आणि बाई तिला परत मागं पाठवून नीट चालायला लावायच्या. अकरा वर्षांची पोर, मंगळवार पेठेतल्या मुलींच्या फुटबॉल संघात डाव्या पायानं गोल मारणारी. तिच्या चालण्यात कुणाला काय सापडणार?

केंद्रातल्या डॉ. तांबोळींनी पडदा सानिकाकडं वळवला. बाई मध्यम वयाच्या, आवाज हळू.

पडद्यावर निळी पावलं चालत होती. टाच, चवडा, टाच, चवडा. "ही तुमची रेवा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी काहीतरी दाबलं आणि निळ्या पावलांखाली करडी पावलं उमटायला लागली. निळं पाऊल पडायच्या किंचित आधी करडं पडायचं आणि निळं नेमकं त्याच्यावर जाऊन बसायचं. पुढं चाललेल्या कुणाच्या तरी ठशांत पाय देत रेवा चालली होती.

"ही करडी कुणाची?" सानिकानं विचारलं.

"एका मुलीची. तिला पुढं हाडाचा कर्करोग निघाला. ऑस्टिओसार्कोमा म्हणतात त्याला. ही पावलं त्याच्या आधीची आहेत. तेव्हा तिला काही झालंय हे कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही."

"आता कशी आहे ती?"

डॉक्टरांनी टेबलावरचा पेन उचलून परत ठेवला. "ती नाही आता."

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बाकावर रणजितशेजारी बसलेली रेवा मान वाकडी करून आतला पडदा बघत होती, हे सानिकाच्या उशिरा लक्षात आलं.

डॉक्टरांनी तिला सावकाश समजावून सांगितलं. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वरचं आणि खालचं हाड सगळ्यात झपाट्यानं वाढतं. तिथल्या पेशींना सतत हाड बनवत राहायचं काम असतं. लाखो मुलांत एखाद्याच्या बाबतीत एखादी पेशी थांबायचं विसरते. आजार इतका दुर्मीळ, की नेहमीच्या डॉक्टरकडं त्याच्या सगळ्या आयुष्यात असा एखादाच पेशंट येतो, किंवा येतही नाही. मग पोरगं खेळताना पडलं असेल, उंची वाढतेय म्हणून दुखत असेल, असं म्हणण्यात महिने जातात.

"वाढीचं दुखणं कसं असतं सांगू? दोन्ही पायांत असतं, येतं-जातं, आणि सकाळी पोरगं विसरून गेलेलं असतं. हे तसं नसतं. हे एकाच जागी ठाण मांडतं, विश्रांतीतही दुखतं, रात्री वाढतं. सूज तर फार उशिरा दिसते."

"पण रेवाला काहीच दुखत नाही."

"तेच तर. दाढ किडली की ती ठणकायच्या कितीतरी आधी आपण दुसऱ्या बाजूनं चावायला लागतो. आपल्याला पत्ताही नसतो. हाडावर एक पातळ पापुद्रा असतो, मज्जातंतूंनी भरलेला. आत जरासा ताण आला तरी शरीर त्या पायावरचा भार क्षणभर लवकर काढून घेतं. मुलाला कळत नाही, आईला दिसत नाही. पट्टीला दिसतं."

"मग शक्यता किती? टक्के सांगा ना."

"टक्के काढायला गर्दी लागते, सानिका. धडधाकट पोरांची चाल आमच्याकडं ढिगानं आहे. पण आजार कळायच्या आधीची, या पोरांची चाल बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून मशीन फक्त एवढंच सांगतं, ही चाल त्या चालीसारखी आहे. खोटा आकडा देण्यापेक्षा हे बरं."

एमआरआय झाला. डाव्या गुडघ्याखाली हाडाच्या आत जरा उजळ दिसत होतं. फुटबॉल खेळणाऱ्या पोरीत ते नुसत्या खेळानंही दिसू शकतं, डॉक्टर म्हणाल्या. एवढ्याशा आधारावर वाढत्या हाडात सुई घालून तपासणीला तुकडा काढायची त्यांची तयारी नव्हती. जागा चुकली तर पुढं त्रास. "पट्टीवर लक्ष ठेवू. साम्य वाढलं तर त्याच दिवशी पुन्हा स्कॅन. साम्य गेलं आणि गेलेलंच राहिलं, तर विसरून जा. वेळेत सापडलं तर पोरगी राहते, बहुतेकदा पायही राहतो. वेळ गेली तर मात्र मी काही कबूल करू शकत नाही. आणि एक, मालिश बंद. चोळणं, शेकणं, काही म्हणजे काही नाही. आत काही असलंच तर चोळण्यानं ते पसरू शकतं."

हे शेवटचं घरात सांगणं सगळ्यात अवघड होतं.

सानिकाचे सासरे आबा हे जुने पैलवान. तालमीतली माती सुटून जमाना झाला, पण संध्याकाळी तिळाचं कोमट तेल घेऊन नातीचे पाय मांडीवर घेणं चुकलं नव्हतं. खेळून आलेली रेवा त्यांच्या मांडीवर पाय टाकून दिवसभराचं सगळं सांगायची. कुणी कुणाला पाडलं, कुठली बाई खवीस आहे, सगळं. आईला ते नंतर, गाळून मिळायचं.

"तेलानं कुणाचं वाईट झालंय काय आजपतोर?" आबा म्हणाले.

"आबा, डॉक्टरीणबाई न्हाई म्हणतात तर न्हाई," रणजितनं तोडलं. "उगं हट्ट नको."

"बरं बाबा. तुमचं विज्ञान, तुमचं राज्य." आबांनी वाटीवर झाकण ठेवलं आणि रिकामे हात धोतराला पुसत बसून राहिले.

रेवाला काय सांगायचं, हे रणजित आणि सानिकानं ठरवलं होतं : पायाची साधी तपासणी चालू आहे. पण जेवताना तिनंच विचारलं, "आई, मला कॅन्सर हाय काय?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या तोंडानं."

"नाही. नुसतं बघतायत ते."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू बी नुसतं बघतीस."

खरंच होतं ते. सानिका बघायची. स्वयंपाकघराच्या दारातून, गॅलरीतून, शाळेच्या फाटकाबाहेर गाडीच्या आरशातून. दुधातली भेसळ हुडकणारी नजर, तिला कुठंही काही खुपल्याशिवाय राहायचं नाही. रेवा आंघोळ करून बाहेर आली की फरशीवर उमटलेले ओले ठसे वाळेपर्यंत ती वाकून बघत बसायची. डावा उजव्यापेक्षा फिका आहे का? ठसे कडेनं वाळत यायचे, बारीक व्हायचे, आणि शेवटी त्यांच्या जागी दुसऱ्याच, अरुंद पावलांची खूण राहिल्यासारखी वाटायची. त्या मुलीला मनातल्या मनात तिनं 'करडी' म्हणायला सुरुवात केली होती. करडी घरात होती. रेवा जिन्यावरून उतरली की करडी एक पायरी पुढं असायची. रेवा पाणी प्यायला उठली की फ्रिजपाशी आधी पोचायची.

एकदा जेवायला घेताना रणजित थांबला. "पाच ताटं का?"

सानिकानं बघितलं. खरंच पाच होती.

"तिचं असंल," रेवा म्हणाली आणि तिनं शांतपणे पाचवं ताट उचलून मांडणीत ठेवलं.

"दुखतंय का गं?" हा प्रश्न सानिका सकाळी विचारायची, शाळेतून आल्यावर विचारायची, गोष्ट सांगितल्यावर दिवा मालवताना विचारायची. "न्हाई गं आई," ठरलेलं उत्तर यायचं. ते देण्याआधी रेवा दर वेळी क्षणभर आईच्या चेहऱ्याकडं बघायची. सानिकाला ते दिसत होतं, पण त्याचा अर्थ तिनं लावला नाही.

आणि मग रेवाची चाल सुधारत गेली.

फोनवर 'साम्य कमी' असं आलं, मग आणखी कमी. केंद्रात डॉक्टरांनी पडदा दाखवला तेव्हा निळी पावलं सरळ रेषेत, एकसारखी, देखणी पडत होती आणि करडी बाजूला सरून कुठल्याशा वेगळ्याच वाटेनं चालली होती. पडद्याच्या कडेला जाऊन ती दिसेनाशी झाली.

"साम्य नाही," डॉक्टर म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी चष्मा वर सारला. "फारच नीट चालतेय. इतकी नीट चाल या वयात… पण चांगलंच आहे ना ते. पुन्हा स्कॅनची तूर्त घाई नको. परीक्षेनंतर बघू."

फुटबॉलचे सर म्हणाले, "पोरगी परेडला चालल्यागत चालाय लागलीया." रणजितनं ते कौतुक म्हणून घरी येऊन सांगितलं. त्यानं गल्लीत पेढे वाटले. आबांनी पेढा घेतला नाही. "गोड नको वाटतंय," म्हणून ते कबुतरांना दाणे टाकायला गच्चीवर गेले, आणि त्यांच्या मागं रेवा. अलीकडं रोजच जात होती ती. खाली आली की तिच्या कपड्यांना तिळाच्या तेलाचा पुसट वास यायचा. आबा स्वतःचे गुडघे चोळतात, त्यांचा असेल, असं सानिकानं धरलं. कितीतरी दिवसांत ती पहिल्यांदाच गाढ झोपली होती. आता कशातही काही खुपून घ्यायची तिची इच्छा नव्हती.

गडहिंग्लजला जायचं ठरलेलं होतं ते तेवढं राहिलं होतं. करड्या पावलांच्या मुलीची आई तिथं राहायची, शोभना हत्तरकी. आमच्या पोरीशी कुणाचं साम्य निघालं आणि त्या आईला भेटावंसं वाटलं तर आमचा नंबर द्या, असं पोर गमावलेल्या घरांनी केंद्राला स्वतःहून सांगून ठेवलं होतं. सानिकानं भीतीच्या भरात ती भेट मागितली होती. आता गरज नव्हती. पण नुसतं फोनवर नको सांगायला, जाऊन आभार मानू, असं तिला वाटलं. रविवारी रेवाला घेऊन ती निघाली. वाटेत नेहमीच्या सवयीनं पेढ्यांचा बॉक्स घेतला.

शोभनाताईंच्या दारात उभी राहिल्यावर तिला कळलं, आपल्या हातात काय आहे ते. जिची पोर गेली तिच्या घरी, आपली वाचली म्हणून पेढे. तिनं बॉक्स पाठीमागं न्यायचा प्रयत्न केला.

"द्या हिकडं," शोभनाताई म्हणाल्या. पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच बाई, गळ्यात शिवणकामाची टेप. त्यांनी बॉक्स उघडला, एक पेढा तोंडात टाकला. "गोड बातमी हाय, खायलाच पायजे. बसा. हीच काय रेवा? ये गं."

घर लांबट होतं. पुढं शिवणयंत्र, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. मागं शहाबादी फरशीचा लांब सोपा, त्याच्या टोकाला स्वयंपाकघर. भिंतीवर चेंडू काखेत धरलेल्या मुलीचा फोटो. रेवा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हिचं नाव काय?"

"अक्षता."

"ही बी लेफ्ट फूटर?"

"व्हय. गोलकीपर रडायची हिच्यापुढं." शोभनाताई हसल्या. मग म्हणाल्या, "बाळ, आत फ्रिजात ताकाचं भांडं हाय, तेवढं आणतीस?"

रेवा निघाली. सानिकाची नजर आपसूक तिच्या पायांवर गेली. काय सुरेख चालत होती! शोभनाताईंनी मात्र आपली खुर्ची गर्रकन फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या.

"तुम्ही बी वळा."

"काय?"

"वळा तर खरं. ती येईस्तवर."

बाई चमत्कारिक आहे, दुःखानं झालं असेल, असं म्हणत सानिका वळली. समोर हँगरला लावलेले निळे पिनाफोर होते, बिनडोक्याच्या मुलींची रांग उभी असावी तसे. मागं फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा. मग पावलं.

पहिली दोन सारखी होती. मग तिकडून येणाऱ्या रेवाला दोघींच्या पाठी दिसल्या असाव्यात. फरशीवर एक जड पाऊल पडलं. त्यानंतर लगेच एक हलकं, निसटतं, जमिनीला विचारून टेकल्यासारखं. जड. हलकं. जड. हलकं.

शोभनाताईंचे डोळे मिटलेले होते. त्यांचे ओठ हलत होते, पावलाबरोबर.

"आली," त्या पुटपुटल्या. "अक्षता आली."

सानिका झटकन वळली. रेवाचा डावा पाय तेव्हा हवेत होता. तो खाली टेकायच्या आत त्या पोरीचा खांदा सरळ झाला, कंबर सरळ झाली, गुडघा ताठ झाला, आणि पाऊल नीट, देखणं पडलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ताकाचा एक थेंबही सांडला नव्हता.

सानिका उठून उभी राहिली.

"माझ्याम्होरं ती कधी लंगडली न्हाई," शोभनाताई हळू बोलत होत्या, अजून भिंतीकडंच बघत. "मी लई भित्री. जरा खरचटलं की मी घर डोक्यावर घेणार. म्हणून ती माझ्याम्होरं सरळ चालायची. शाळंतल्या त्या पट्टीकडं तवा कोण ध्यान देत नव्हतं, म्हणून पट्टीला तिची खरी चाल गावली. तुमच्या लेकीला समदी बघत्यात. पट्टी कशासाठी हाय हे बी तिला ठावं हाय. मग ती कशी गावंल?"

सानिकानं भांडं काढून घेतलं, खाली बसली आणि रेवाचे दोन्ही हात धरले. "कधीपासून दुखतंय?"

रेवानं आधी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. आत्ता सानिकाला त्या बघण्याचा अर्थ कळला.

"माझं नि आबांचं ठरलंय, तुला सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "तू रडशील म्हणून."

त्या लगेच कोल्हापूरला परत निघाल्या. सानिका पुढं बघून गाडी चालवत राहिली. आरशाकडं तिनं मुद्दाम बघितलं नाही.

आबा गच्चीवर कबुतरांच्या खुराड्यापाशी होते. बाजूला उलट्या घमेल्याखाली तेलाची वाटी होती. ती लपवायची त्यांनी धडपड केली नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"आणि तुम्ही चोळत होता. वर तिला चालायला शिकवलंत. पट्टीवर."

आबा खाली बसले. एवढा मोठा देह, पण बसला तो पोत्यासारखा. "पोरगी रडत आली माझ्याकडं. म्हणली, आबा, पाय ठणकतोय, पर आईला कळू द्यायचं न्हाई, ती पाच ताटं मांडाय लागलीया. मी काय करू? आखाड्यात गुडघा दुखावला तर समोरच्याला दाखवायचा नसतोय पोरी. दिसला की तो तिथंच धरतोय. आम्ही मोडक्या गुडघ्यानं सरळ चालत कुस्त्या मारल्यात. श्वास कुठं धरायचा, भार कुठं घ्यायचा, तेच दाखवलं तिला. साधलं बी पोरीला." त्यांनी घमेलं बाजूला सारलं. "वाटलं, चार दिवसांत उतरंल. समोर कोण हाय, ते काय माझ्या ध्यानात आलं न्हाई."

सानिका ओरडायला तोंड उघडून उभी होती. समोर कोण होतं? आजार नव्हता. डॉक्टर नव्हत्या. त्या पोरीनं आपला दुखरा पाय जिच्यापासून लपवला होता, ती सानिकाच होती. रोज तीन वेळा दुखतंय का विचारणारी.

रेवा जिन्याच्या दाराशी उभी होती.

"मी घाबरणार," सानिका तिला म्हणाली. "रडणार पण. मी आहेच तशी. पण ते तू सांभाळायचं नाहीस. ते बाबा सांभाळतील, आबा सांभाळतील, माझं मी बघेन. तू फक्त दुखलं की दुखतंय म्हणायचं. कळलं?"

रेवानं मान हलवली.

सकाळी केंद्र उघडायच्या वेळीच ते चौघं तिथं पोचले. डॉ. तांबोळींनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. "आपण बघतोय हे पोरांना कळतं," शेवटी त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हे मशीनला कुणी शिकवलंच नाही. आम्हालाही सुचलं नाही." मग त्यांनी रेवाला बूट काढायला सांगितले. "स्कॅन करूच. पण आत जायच्या आधी एकदा तुझी खरी चाल दाखव. भार नेमका कुठून निसटतो ते दिसलं, तर आत कुठं बघायचं ते मला कळेल. चाल बाळ, चालतेस तशी."

केंद्राच्या व्हरांड्यातली पट्टी शाळेतल्यापेक्षा लांब होती. बाकांवर आणखी दोन-तीन आयाबाप आपापल्या पोरांना घेऊन बसले होते. रेवा निघाली. ताठ, एकसारखी, सुरेख. मध्यावर येऊन थांबली.

"न्हाई जमत," ती म्हणाली. तिचा चेहरा पहिल्यांदाच घाबरलेला दिसला. "मी न्हाई करत आई, शपथ. समदी बघाय लागली की आपोआप सरळ हुतंय. पाय ऐकत न्हाई."

मग सानिका वळली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिच्याकडं बघून रणजित वळला. आबांनी एकदा नातीकडं डोळे भरून बघितलं आणि तेही वळले. नर्स वळली. बाकावरच्या आयाबापांना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, पण त्यांनीही एकेक करून पोरांचे खांदे धरून त्यांना वळवलं आणि आपण वळले. डॉक्टर फक्त पडद्याकडं बघत होत्या.

भिंतीचा रंग फुगून पोपडा सुटला होता. सानिका त्या पोपड्याकडं बघत राहिली. इतके दिवस डोळ्यात तेल घालून बघितलं, त्यापेक्षा हे न बघणं अवघड होतं. मान वळू नये म्हणून तिनं दोन्ही तळहात भिंतीला लावले.

मग रबरावर पाऊल पडलं. जड. त्यामागून हलकं, निसटतं. जड. हलकं. पावलं जवळ आली, तिच्या पाठीमागून जायला लागली, आणि तिला स्पष्ट जाणवलं, एक नाही, दोघी चालल्या होत्या. एक पुढं, एक तिच्या पावलात पाऊल देत मागं. पुढची या वेळी घाई करत नव्हती. मागचीला वाट दाखवत, तिच्यासाठी थांबत थांबत ती चालली होती.

"नर्स," डॉक्टरांचा आवाज आला, "आतलं स्कॅनचं मशीन मोकळं करा. आत्ता."

पट्टीच्या टोकाला पावलं थांबली.

"आई," पाठीमागून रेवा म्हणाली, "दुखतंय गं."

सानिका वळली.